नाववाल्याचे पैसे आणि बाभळीवरचे पक्षी

पत्र

सप्रेम नमस्कार,

मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही बाबांना भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, पक्षी बघायला घेऊन गेलो. बाबा ७२ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून त्यांना पक्ष्यांचा नाद लागलाय. गॅलरीतल्या बुलबुलापासून पाषाणच्या तळ्यावरच्या बदकांपर्यंत जे दिसेल ते दोनशे पानी वहीत लिहून ठेवतात. एकदा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडताना बघायचेत, एवढंच म्हणायचे. धाकटा भाऊ बंगळुरूहून रजा काढून आला. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी नावेतून फिरायचं ठरलं होतं. नाववाल्याला हजार रुपये आगाऊ पाठवले होते.

आम्ही चार वाजता पोचलो. उकडत होतं, पण पाणी अगदी आरशासारखं. तरी नाववाला, पंचविशीतला मुलगा असेल, म्हणाला, "आज नको, वारं उठणार." भाऊ चिडला, बरंच बोलला. पाऊण तासात आभाळ काळं झालं, मग वादळ आणि गारा. आम्ही पत्र्याच्या शेडखाली वाद घालत होतो आणि बाबा एका कडेला उभे राहून समोरच्या बाभळीकडे बघत होते. रात्रभर वीज नव्हती. रविवारी सकाळीही भुरभुर आणि वारा, नाव निघालीच नाही. निघताना भावानं आगाऊ दिलेले पैसे परत मागितले. मुलगा घरी नव्हता, त्याच्या आईनं डब्यातून काढून दिले. बाबांनी त्या बाईंना हात जोडले, ते मला जरा खटकलं. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. आता दहा दिवस झाले, वही उघडलेली नाही. विचारलं तर "माझ्यापायी तुमचा खर्च झाला" एवढंच.

त्यांना पुन्हा उभारी कशी यावी? न सांगता कच्छची तिकिटं काढावीत असं माझ्या मनात आहे. भाऊ म्हणतो, फेरी झाली नाही तर पैसे कशाचे? आमचं त्यात काही चुकलं का? आणि ते पक्षी त्या गारांत मेले असतील का हो? की निघून गेले?

एक मुलगी, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही अवकाळीनं पाण्यात गेलेल्या सहलीची गोष्ट आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या डब्यापाशी अडखळले. तिसऱ्यांदा बाभळीपाशी. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी जरा बदलणार आहे, कारण मला वाटतं बाबांच्या गप्प बसण्याचं कारण त्या डब्यात आहे आणि त्यावरचा उपाय बाभळीत.

आधी त्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंय की पाणी आरशासारखं होतं. वादळाआधी उजनीचं पाणी तसंच असतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारभर जमीन तापते, समुद्रावरून आलेली दमट हवा वर चढते आणि तीन-चार वाजेपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात. वारा पडतो, घामाच्या धारा लागतात. मग त्या ढगातून गार हवा एकदम खाली कोसळते आणि पावसाच्या आधी, कधी कधी पावसाच्या कितीतरी पुढे, जमिनीला धरून पसरत जाते. आपल्याला अजून थेंबही लागलेला नसतो आणि पाण्यावर वारं उठलेलं असतं. उजनीचा फुगवटा काही ठिकाणी काही किलोमीटर रुंद आहे आणि बऱ्याच भागात उथळ. अशा पाण्यात लाटा फार उंच होत नाहीत, पण आखूड आणि उभ्या होतात, एकीमागून एक येतात. मासेमारीच्या सपाट बुडाच्या नावेला त्या पाच मिनिटांत भरून टाकतात. त्यात खाली काय आहे ते दिसत नाही. १९८० मध्ये धरण झालं तेव्हा भीमाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या देवळाप्रमाणेच घरांचे चौथरे, भिंती, झाडांचे बुंधे अजून तिथेच आहेत, शिवाय जागोजाग लावलेली जाळी. वाऱ्यानं ढकललेली नाव कशावर जाऊन आदळेल ते त्या काठावर वाढलेल्या माणसालाच ठाऊक.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच पाण्यात, कुगाव आणि कळाशी या गावांच्या दरम्यान, प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला. त्या नावेत बसताना त्यांच्यापैकी कुणाला वाटलं असेल, की पाऊण तासात हे पाणी असं होईल?

त्या मुलाला वाटलं. त्याला ते कशावरून कळलं, हे मी अंदाजानंच सांगू शकते. वारा पडला की पाण्यावरून भिरभिरणारे सुरय काठाकडे येऊन बसतात. किडे खाली येतात, म्हणून माळभिंगऱ्या अगदी पाण्याला टेकून उडतात. लांब कुठं पाऊस पडला की ओल्या मातीचा वास आधी येतो. त्यानं यातलं काय पाहिलं, काय हुंगलं कुणास ठाऊक. शनिवारची संध्याकाळ होती, हंगामाचे शेवटचे आठवडे होते, समोर पैसे दिलेलं गिऱ्हाईक होतं आणि वरून त्याला बोल लावत होतं. तरीही तो नाही म्हणाला. तुम्ही हजार रुपयांत नावेची फेरी घेतली होती. त्यानं तुम्हाला तुमचे वडील धडधाकट परत दिले. मी असं थेट लिहिते आहे कारण तुम्ही विचारलंय, चुकलं का. हो, चुकलं.

भावाचं म्हणणं हिशेबाला धरून आहे हे मला कबूल आहे. फेरी झाली नाही, पैसे परत, यात फसवाफसवी कुणाची नाही आणि त्या मुलानंही कदाचित स्वतःहून दिले असते. पण तिथल्या भोई कुटुंबांचं वर्ष जरा डोळ्यांसमोर आणा. नावेतून पक्षी दाखवायचा धंदा डिसेंबर-जानेवारीत रंगात येतो आणि एप्रिल-मेपर्यंत संपतो. त्यातही गर्दी शनिवार-रविवारीच. तुमच्यासाठी त्यानं ती संध्याकाळ आणि ती सकाळ राखून ठेवली होती. दुसऱ्या कुणाला हो म्हणाला नव्हता. अवकाळीनं तुमची सहल बुडाली, त्याचा आठवडा बुडाला. आणि त्या आईनं डब्यातून नोटा काढून दिल्या, म्हणजे ते पैसे घरखर्चात जाऊन बसले होते.

हे सगळं मी वरून बोलत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः एप्रिलमध्ये दोन मैत्रिणींबरोबर तिथं गेले होते. असंच आभाळ होतं. म्हातारा नाववाला नको म्हणत होता आणि मी त्याच्या हातात वरचे दोनशे रुपये कोंबले, कारण मला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. अर्ध्या वाटेत वारं आलं. मोटारीच्या पंख्यात जाळं गुंतलं आणि नाव एका चिखलाच्या उंचवट्यावर जाऊन रुतली. आम्ही दोन तास भिजत बसलो. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोर धरून होता, नाव सुटू नये म्हणून. शेवटी त्यानं ते जाळं कोयत्यानं कापलं. जाळं त्याच्या चुलतभावाचं होतं आणि त्याची भरपाई त्यानं स्वतः केली, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तेही पुण्याच्या वाटेवर निम्मं अंतर आल्यावर. मी मागे फिरले नाही. पुढच्या वर्षी गेले तेव्हा तो नव्हता, गेला होता. ते देणं माझ्या अंगावर राहिलं आहे. तुमचं अजून फिटण्यासारखं आहे.

म्हणून आजच फोन करा. ऑनलाइन पैसे टाकून मोकळ्या होऊ नका, आधी बोला. "त्या दिवशी तुम्ही आम्हाला थांबवलंत ते बरोबर होतं, आम्ही चुकीचं बोललो," एवढं वाक्य पुरे, पण ते तोंडानं म्हटलं गेलं पाहिजे. मग पैसे पाठवा. हजार परत आणि त्याच्या वाया गेलेल्या दोन फेऱ्यांचं जे होईल ते. तो घेणार नाही म्हणेल. तेव्हा म्हणा की पुढच्या फेरीचे आहेत आणि तारीख घ्या. तारखेबद्दल पुढे लिहिते.

आता बाबांकडे येते. त्यांनी त्या बाईंना हात जोडले ते तुम्हाला खटकलं, असं तुम्ही लिहिलंय. का खटकलं, याचा जरा विचार करा. मला वाटतं त्या अंगणात त्या क्षणी लाज वाटलेला तुमच्या घरातला एकच माणूस होता आणि तो मुलांना दोष न देता माफी मागत होता. ज्यांनी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक तपासले, ही गाडी आज सोडू नका असं कधीतरी कुणाला तरी सांगितलं असेल आणि त्यावरून बोलणीही खाल्ली असतील, त्यांना त्या मुलाचं "आज नको" नक्की ओळखीचं वाटलं असणार. ते स्वतःच्या मुलाला चारचौघांत बोलले नाहीत, कारण तो त्यांच्यासाठीच रजा काढून आला होता. मग ते सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं. "माझ्यापायी तुमचा खर्च झाला" या वाक्यात मला रोहित न दिसल्याचं दुःख फारसं ऐकू येत नाही. माझ्या हौसेसाठी मुलगा एका गरिबाच्या दारात वाईट वागला, असं काहीतरी ऐकू येतं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण तो बरोबर असेल, तर वर लिहिलेला फोन भावानं करावा. तुम्ही नव्हे, भावानं, आणि बाबांच्या देखत.

भावाला हे सांगताना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका, ताई. दोन दिवसांची रजा, बंगळुरू ते पुणे प्रवास, आई गेल्यावर आपण बाबांजवळ नसतो ही बोच आणि त्यात ते आभाळ. तो त्या मुलावर चिडला, पण खरं तर त्या ढगांवर चिडला होता. ढगांना बोल लावता येत नाही म्हणून समोरचा माणूस सापडला. त्याला वर लिहिलेली वाऱ्याची गोष्ट आणि २०२४ च्या संध्याकाळची गोष्ट सांगा. मला वाटतं तेवढ्यावर तो स्वतःच फोन उचलेल.

कच्छची तिकिटं काढू नका. एक तर एप्रिलचा कच्छ ७२ वर्षांच्या माणसाला सोसणारा नाही. आणि रोहित पक्ष्यांची पिलं वाढवायची जागा रणात इतकी आत आणि इतकी नाजूक आहे की तिथं आपण जाऊच नये. दुसरं कारण माझ्या मते मोठं आहे. ज्या माणसाला खर्चाचं ओझं वाटतंय, त्याला न सांगता त्याच्या दसपट खर्चात टाकलं, तर तो आणखी मिटून जाईल. बाबांना भिगवणचंच राहिलेलं पुरं करायचं असेल, त्याच माणसाच्या नावेतून.

पक्षी मेले असतील का, असं तुम्ही विचारलंत, त्या प्रश्नासाठी तुमचे आभार मानावेसे वाटतात. सहल बुडालेल्या माणसाच्या मनात ते फार क्वचित येतं. खोटा दिलासा देत नाही. गारपिटीत पक्षी मरतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ला महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती शेतकऱ्यांना अजून विसरता येत नाही. पिकं, फळबागा, जनावरं, पाखरं, सगळंच झोडपून निघालं होतं. सगळ्यात जास्त मार बसतो तो झाडांवर दाटीनं रातथारा करणाऱ्यांना, म्हणजे गायबगळे, साळुंक्या, पोपट, चिमण्या. फांदीवरून खाली पडतात, भिजतात, पंख मोडतात. रोहित, चित्रबलाक, राखी बगळे यांच्यासारखे मोठे पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करून, मान आखडून उभे राहतात आणि बहुतेक वेळा निभावून नेतात. छोट्या सरीचं त्यांना काही वाटत नाही. गारा मोठ्या असतील तर त्यांनाही लागतं.

पुढे कधी असा जखमी पक्षी सापडला तर घरी नेऊन चमच्यानं पाणी पाजत बसू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत सुती फडकं, अंधार आणि शांतता, आणि लगेच वन विभागाचा १९२६ हा क्रमांक.

आता, निघून गेले का? काही गेले, काही जायचेत, आणि काही नुकते येताहेत. तुमच्या सहलीचे ते दोन दिवस पक्ष्यांच्या वर्षातल्या सगळ्यात गजबजलेल्या दिवसांपैकी होते. पट्टकदंब बहुधा आधीच उठले असतील. हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर जाणारे हे राजहंस, ७,००० मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे, मार्चमध्ये भिगवण सोडू लागतात. थापट्या, तलवार बदकं यांचेही थवे रोडावतात. पण पाणटिवळे, तुतवार, शेकाट्यांच्या गर्दीतले बाकीचे चिखलपक्षी एप्रिलमध्येही असतात, आणि हेच दिवस त्यांना बघायचे. जो पाणटिवळा थंडीभर राखाडी, मळकट दिसतो त्याची मान आणि छाती आता विटकरी होत आलेली असते, विणीचा पोशाख चढतो. पक्षी तोच, पण बाबांना वहीत नव्यानं लिहावा लागेल. आणि नदी सुरय तर मार्च ते मे या दिवसांत उघड्या पडलेल्या बेटांवर वाळूत, खड्यांत अंडी घालतात. म्हणून नाववाल्यानं "उतरा, फोटो काढा" म्हटलं तरी बेटावर पाय ठेवू नका. अंडी खड्यांसारखीच दिसतात.

राहता राहिले रोहित. ते कॅलेंडर बघून येत-जात नाहीत, पाणी बघून येतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला आणि गुडघाभर पाण्यात चोच उलटी घालून गाळता आलं की ते खूश असतात. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात आणि उशिरापर्यंत राहतात. एप्रिलभर तर असतातच, कधी मे अखेरीपर्यंतही थोडे रेंगाळतात. म्हणून तारीख मी सांगत नाही. त्या मुलाला फोनवर विचारा, चिखल कुठवर आलाय, रोहित कुठल्या अंगाला आहेत. कुंभारगाव, डिकसळ, जिथं असतील तिथली वाट तो सांगेल. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला मधला वार पकडा, मंगळवार, बुधवार. पाण्यावर गर्दी नसते. भावाची रजा नसेल तर दिवस त्याला विचारून ठरवा, त्याला वगळून नको.

या वेळी दोन रात्री राहा. अवकाळीत हाच एक नियम मला उपयोगी पडला आहे. ढग दुपारनंतर बांधतात, म्हणून नावेत पहाटेच बसायचं, साडेसहाला, उजाडताच. संध्याकाळची फेरी मिळाली तर बोनस. आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप भ्रमणध्वनीत असू द्या, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. लाइफ जॅकेट बाबांच्या मापाचं आहे का हे फोनवरच विचारा, आणि ते घातल्याशिवाय नाव हलू देऊ नका. नावेत चढताना चिखल असतो, चपला घसरतात, बाबांना एका बाजूनं तुम्ही आणि दुसऱ्या बाजूनं तो, असं धरा. आणि एवढं सगळं करून तो पुन्हा "आज नको" म्हणाला, तर "बरं" म्हणा आणि गरम चिलापी माशाचं ताट मागवा. नाव नसेल तेव्हा कडबनवाडीचा माळ आहे. तिथं चिंकारा असतात, धाविक असतो, चंडोल असतात, आणि पाऊस पडून गेलेल्या सकाळी माळाला जो रंग येतो तो बाबांनी बघायलाच हवा.

एक गोष्ट मात्र बाबांशी आधी बोलून घ्या. त्यांना रोहित उडताना बघायचेत. तिथं काही जण नाव थेट थव्यात घालायला सांगतात, म्हणजे ते उडतात आणि गुलाबी-काळे पंख कॅमेऱ्यात येतात. पैसे दिले की हे होतं. पण रोहित जागच्या जागी उडत नाही, त्याला पाण्यावरून धावत जाऊन मग हवा पकडावी लागते, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधीचे हे दिवस त्याच्या साठवणुकीचे असतात. चिखल गाळून अंगावर जमवलेलं त्या एका उड्डाणात खर्च होतं. दिवसातून दहा नावांनी दहा वेळा उठवलं तर त्यानं खायचं कधी? बाबांना हे सांगा, त्यांना पटेल असं मला फार वाटतं. लांब, वाऱ्याच्या आडोशाला मोटार बंद करून बसा. कधी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून घिरटी घालतो आणि थवा आपणहून उठतो. कधी तासभर काहीच होत नाही. ती वाट बघायची सवय बाबांना आहे, दोनशे पानी वही तशी भरत नाही.

आणि आता बाभळ.

तुम्ही दोघं पत्र्याखाली वाद घालत होता आणि बाबा एका कडेला उभे राहून समोरच्या बाभळीकडे बघत होते. तुमच्या पत्रात हे अर्धं वाक्य आहे, जाता जाता लिहिलेलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली भिगवणची बाभळ! मध्य आशियाकडे परतणाऱ्या भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे याच दिवसांत या पट्ट्यात जमतात. पळस, पांगारा, काटेसावरीचा मध पिऊन, शेतांतले किडे खाऊन त्या जाडजूड होतात आणि संध्याकाळी शेकड्यांनी, हजारांनी बाभळी-बोरीवर उतरतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं. वादळाचा वारा समोरून आला की उडणारं सगळंच खाली येतं. वाऱ्याविरुद्ध ताकद घालवण्यापेक्षा पाखरू मिळेल त्या फांदीला धरून बसतं. पिवळे धोबी, माळभिंगऱ्या, रानातले छोटे वटवटे, ज्यांना एरवी आपण पाचशे फुटांवरून जाताना ऐकतही नाही, ते अशा वेळी दहा पावलांवर येऊन बसतात, भिजलेले, फुगलेले, माणसाची भीती विसरलेले. स्थलांतराच्या दिवसांत वादळ झालं की लोक सहल रद्द करून घरी जातात, आणि नेमकं तेव्हा आभाळ आपली पाखरं जमिनीवर ठेवून जातं.

बाबांनी त्या संध्याकाळी काहीतरी पाहिलं आहे. कदाचित भोरड्या असतील, कदाचित एकच गायबगळा असेल गारांत मान घालून बसलेला, कदाचित नुसती बाभळ असेल. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि वहीत लिहायला बसलं तर बाकीची संध्याकाळही आठवणार, म्हणून वही बंद आहे असं मला वाटतं. भावाचा फोन झाला की त्याच दिवशी चहा घेऊन त्यांच्या शेजारी बसा. कच्छचं, तिकिटांचं काही काढू नका. वही त्यांच्यापुढे ठेवा, पेन ठेवा आणि विचारा, "बाबा, त्या दिवशी बाभळीवर काय होतं?" ते सांगायला लागले की मध्ये बोलू नका, नाव चुकलं तरी दुरुस्त करू नका.

आणि मग मला लिहा. मलाही ते जाणून घ्यायचं आहे.